ओवीच्या लॅबमधली कुपी

बोस्टन

लाडक्या शैलूस ताईचे अनेक आशीर्वाद,

मी मजेत आहे. थंडी सोसते. भाऊजी तुंगार्लीच्या तळ्यावरून घरी नीट परत येतात ना?

ओवीच्या लॅबमध्ये माणसाच्या मेंदूतलं प्रथिन जंतूंकडून बनवून घेतात. तू सांगितलंस म्हणून भाऊजींसाठी एक कुपी मागितली.

ती म्हणाली, “आई, वेडी आहेस का? ते औषध नाही. काकांचा मेंदू त्याच्याच गुठळ्यांनी बिघडलाय. आम्ही ते उंदरांना टोचतो. परवा ते उंदीर वाट विसरले, प्रयोग जमला, म्हणून तर केक आणला होता!”

तो केक मी मागून मागून खाल्ला होता, शैलू. आपल्या कॉन्व्हेंटच्या नाताळातला आठवला.

औषधाची वाट पाहू नकोस. भाऊजींनी “आपण कोण?” विचारलं, तर नाव सांग. रडू नकोस, अनोळखी बाई रडली की ते घाबरतात.

तुझी,
ताई