वारा पडेपर्यंत साबिरकडे

तैलाक बाळा,
दुपारपासून बर्फाचं वादळ येणार, असं रेडिओवर सांगितलंय. तुझा भाऊ तिकडे तापाने एकटाच पडलाय, म्हणून वारा सुटायच्या आत मी साबिरकडे निघाले. दोन वर्षं त्याचं नाव काढू देत नाहीस, म्हणून तुला विचारलं नाही. माझ्यामागे येऊ नकोस, वाट बुजेल. दारापासून मेंढ्यांच्या गोठ्यापर्यंत दोर बांधलाय, जाता-येता तो हातातून सोडू नकोस. झोपताना धुराड्याची झडप पुरती लावू नकोस, कोळशाचा धूर झोपेतच घात करतो. मुल्लांच्या प्रवचनाची कॅसेट नेतेय. ते सुरात बोलायला लागले की वाऱ्याचं काय चालतंय! अल्लाच्या कृपेनं वारा पडला की फावडं घेऊन मला न्यायला ये. दार मी उघडणार नाही, साबिरलाच उघडायला लावीन.
— आई