पळून जायला जग पुरेना

ती. मच्छिंद्रमामा, मु. देवळाली प्रवरा

साष्टांग नमस्कार. (खरंच आडवा पडून लिहितोय. गुरुद्वाऱ्यात लंगरची कढई घासताना पाठ धरली. का घासली, ते पुढे येतंच.) मामीचे गुडघे, तुमचा गहू आणि लाल गाय ठणठणीत असतील अशी आशा. फोनच केला असता, पण तुमचा मोबाईल मामी स्पीकरवर टाकते अन् आळीभर वरात निघते, म्हणून हा कागद.

तर मामा, मी प्रेमात पडलोय. हरलीन. सावेडीत तिच्या पप्पांचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. पोरगी नगरातच जन्मलेली, भांडते आपल्याहून चोख मराठीत. तिच्यासाठी मी दर रविवारी गुरुद्वाऱ्यात सेवेला जातो. परवा पप्पांनी खांद्यावर हात ठेवून प्रेमानं विचारलं, ‘पुत्तर, काय करतोस?’ आता कॉलेज मी मधेच सोडलेलं (सरांशी तत्त्वाचा वाद झाला; तत्त्व कुठलं ते आता आठवत नाही). उत्तर नव्हतं, म्हणून राग आला. त्या रागात कढई अशी घासली की ती चकाकली आणि मी वाकडा झालो. तिथंच ठरवलं, पळून जायचं!

रसवंतीवर हरलीनला सांगितलं. ती रस पीत म्हणाली, ‘चल की. फक्त माझं कुणी नसेल तिथं ने.’ एवढंच ना? म्हटलं, कॅनडा. ‘तीन चाचे.’ इंग्लंड? ‘मासी. शिवाय मासीची नणंद, ती जास्त डेंजर.’ आफ्रिका! तर केनियात तिच्या पणजोबांचा भाऊ रेल्वेचे रूळ टाकायला गेला तो रुळाशेजारीच घर बांधून राहिला. आता त्याचं अख्खं गणगोत तिथं. इटलीत मामेभाऊ गाई सांभाळतो, न्यूझीलंडात आत्तेभावाची किवीची बाग, मलेशियात काका पोलिसात. पोलिसात, मामा! शीख माणूस पोचला नाही असा देश देवानं केलाच नसावा. शेवटी संतापून फिजी म्हणालो. (फिजी कुठाय हे मला माहीत नव्हतं. तिला होतं. आजीची बहीण.) रसवाला मधेच म्हणाला, ‘भाऊ, चंद्रावर बघा.’ ‘तुम्ही पोचेपर्यंत तिथं आमचा लंगर लागलेला असेल,’ हरलीन म्हणाली, आणि अशी हसली की माझा रस माझ्याच पँटीवर सांडला.

आशीर्वाद असू द्या.

तुमचा लाडका, सध्या काटकोनातला भाचा,
रविराज

ता.क. : सगळी पृथ्वी धुंडाळल्यावर तिच्या नात्यातलं कुणी नसलेलं एकच ठिकाण सापडलं, तुमचा मळा. शनिवारी दोघं येतोय. हरलीनला चहात आलं जास्त लागतं.

ता.क. २ : येत नाही. तुमच्या गव्हाला पंजाबातून जे हार्वेस्टर आलंय ना, त्याचे मालक बलकारसिंग हे तिचे फुफ्फडजी, म्हणजे सख्ख्या आत्याचे यजमान! त्यांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. तुमच्याच बाजेवर बसलेत, मामी भाकरी वाढतेय, आणि तुम्ही त्यांच्या गळ्यात हात टाकून असे हसताय, जसे माझ्या बारशालाही हसला नसाल. हरलीननं तो मला पाठवून खाली लिहिलंय, ‘जग संपलं. आता पुढच्या दारानं ये.’

ता.क. ३ : तेव्हा रविवारी तुम्हीच या, इस्त्रीचा सदरा घालून, फुफ्फडजींना बरोबर घेऊन, पप्पांकडे बोलणी करायला. फुफ्फडजींना हार्वेस्टरवर माणूस लागतो का तेही वाटेत विचारा. पाठ तोवर सरळ होईल. पण पप्पा पुन्हा विचारणार, मुलगा काय करतो? तेवढं उत्तर येताना घेऊन या.