हलत नाही तेवढं उरतं

२२ नोव्हेंबर

रात्री अंधार कुठून येतो? आज पहिल्याच दिवशी तिसरीतल्या एका मुलीनं मला हे विचारलं. सूर्य मावळतो म्हणून, असं मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "ते उजेड कुठं जातो ते सांगितलं तुमी. अंधार कुठून येतो?" मी बी.एस्सी. झाले आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर. तरी ठाऊक नाही, असं कबूल केलं. मॅडमलाही येत नाही म्हटल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुलीचं नाव संस्कृती.

केजहून सिदूच्या जीपनं आले. मांडीवर ट्रायपॉड होता. तो बंदुकीचा स्टँड वाटून सिदूनं विचारलं, "डुकरं मारायला आलाव का पोरं शिकवायला?" घाट चढून उंबरदऱ्यात शिरलो तर गल्ल्याच्या गल्ल्या कुलूपबंद. दिवाळी झाली की गाव ऊस तोडायला जातं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि आमच्या हंगामी वसतिगृहातली मुलं. शाळेच्या दोन खोल्या, स्वयंपाकाला साखराबाई, शिकवायला आणि सांभाळायला मी. माझं स्वतःचं लहानपण उसाच्या फडात गेलं. आमच्या चकलांब्याच्या शाळेत पटावर नाव आणि मी तिकडं पाल्याच्या झोपडीत, कोपीत, धाकट्याला खेळवत. या मुलांचं तसं होऊ नये म्हणून ही नोकरी मी मागून घेतली. कोपीच्या दारातून रात्री दिसणारं आभाळ, तेवढी एकच गोष्ट मला तिथली आवडायची.

शाळेला स्लॅबची गच्ची आहे! आज मी फार आनंदात आहे.

२४ नोव्हेंबर

मुलांना कॅमेरा दाखवला. जुना आहे, पण माझा आहे. एकाच जागी ठेवून आकाशाचे एकामागून एक फोटो काढत राहायचं आणि मग लॅपटॉपवर ते सगळे एकावर एक रचायचे. एका फोटोत जे डोळ्याला दिसत नाही तेही रचत गेलं की वर येतं. आड आलेलं विमान, वटवाघूळ, जे हलतं ते गाळलं जातं. हलत नाही तेवढं उरतं. आकाश फिरत असतं, म्हणून आकाश वेगळं रचायचं आणि खालची घरं वेगळी. साखराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "म्हंजी सायच की. दूध तापवत बसायचं, साय काढायची." याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

अडचण एकच. वेशीतल्या खांबावर मोठा पांढरा दिवा आहे आणि तो रात्रभर जळतो. सगळे फोटो ताकासारखे पांढरट आले. तिन्हीसांजेला दिवा लावणं आणि सकाळी विझवणं हे धुळाजी नावाच्या आजोबांचं काम. खांब यायच्या आधी तिथं दगडी पणती होती आणि तिच्यात त्यांचे वडील करडईचं तेल घालायचे, असं मुलं सांगतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की लावायचा, पहिला ट्रक परत येईपर्यंत एक रात्रही चुकवायची नाही. मी आजोबांना गाठून चार रात्री दिवा बंद ठेवायची विनंती केली. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, राहू द्या. कारण विचारलं तर म्हणाले, "टोळ्या उसात हायत. आता त्येचं नाव काढू न्हाई."

हे काही कारण नव्हे.

२८ नोव्हेंबर

सरपंच विजयसिंह केजला राहतात. त्यांना फोन केला. मुलांना आकाशगंगा दाखवायची आहे म्हटल्यावर ते मोकळेपणानं हसले. म्हाताऱ्याचं काय ऐकता, म्हणाले. दुपारी वायरमन येऊन फ्यूज काढून गेला. महिनाभर तरी दिवा नाही.

रात्री सगळी मुलं गच्चीवर. एवढा अंधार त्यांनी या गावात कधी पाहिलाच नव्हता. आधी आरडाओरडा, मग सगळ्यांच्या माना वर. मी कृत्तिका दाखवल्या. त्यांच्या खालचा तांबूस तारा रोहिणी, माझ्या नावाचा, हेही सांगितलं. संस्कृतीनं हळूच विचारलं, फडातून पण हेच दिसतं का. तिची आई छबुबाई गेल्या हंगामात फडातच तापानं गेली आणि तिथंच बांधाला तिला अग्नी दिला. मुलगी तेव्हा इथं वसतिगृहात होती. बाप यंदा पुन्हा उसात आहे. त्यांचं घर शाळेसमोरच, वर मातीचं सपाट माळवद आणि दाराला कुलूप. मी तिला म्हणाले की आभाळ सगळीकडे एकच असतं. तिला बरं वाटलं.

खाली धुळाजी आजोबा उभे होते. पोरं त्यांना हाका मारत होती. ते शाळेच्या दिशेनं थुंकले आणि निघून गेले.

३० नोव्हेंबर

अमावस्या. आभाळ असं स्वच्छ की हात लावावा. रात्रभर फोटो काढले आणि आज दिवसभर रचले.

आकाश अप्रतिम आलं आहे. पण घरांचा भाग रचल्यावर माळवदांवर काहीतरी दिसतं. आधी लेन्सवरची धूळ वाटली, मग कॅमेऱ्याचा दोष. धूळ प्रत्येक छपरावर बरोबर मधोमध बसत नाही.

माणसं आहेत. कुलूप लावलेल्या घरांवर, उभी. सुटा फोटो पाहिला तर एकही दिसत नाही. म्हणजे रात्रभर ती जराही हलली नाहीत. श्वास घेणारं माणूस इतकं स्थिर राहू शकत नाही, हे मला कळतं आहे, आणि मी ते लिहिते आहे.

कुणाचंही तोंड आभाळाकडे नाही. सगळी विझलेल्या दिव्याकडे बघताहेत.

१ डिसेंबर

फोटो साखराबाईंना दाखवला. त्यांनी परातीतले हात तसेच बाहेर काढले, पिठानं भरलेले, आणि घरी गेल्या. संध्याकाळी आल्या नाहीत. मुलांसाठी मीच खिचडी केली.

गावाला बातमी कळली आहे. हातपंपावर माझी घागर कुणीतरी लाथेनं आडवी केली. रांगेतल्या म्हाताऱ्यांपैकी एक मोठ्यानं म्हणाली, "शिकल्याली हाय ना, लई उजेड पाडला!" कुणी हसलं नाही. माझ्यावर हसतील तर बरं, असं पहिल्यांदाच वाटलं.

परत आले तर ट्रायपॉडचा एक पाय ठेचलेला. बाजूला दगड. मुलांनी काही पाहिलं नाही म्हणे.

फ्यूज परत बसवा म्हणून सरपंचांना फोन केला. वायरमनला वेळ झाला की पाठवतो म्हणाले.

३ डिसेंबर

काल पुन्हा फोटो काढले, कॅमेरा विटांवर ठेवून. मला खात्री करायची होती की दोष कॅमेऱ्याचा आहे.

माळवदं रिकामी आहेत. ती खाली उतरली आहेत. गल्लीत उभी आहेत. जिथं म्हातारी माणसं राहतात त्या प्रत्येक दारासमोर एक, कुठं दोन. दाराला नाक लागेल इतकी जवळ.

एक बाई मात्र कुठल्याच दारासमोर नाही. ती शाळेकडे तोंड करून आहे. एक हात कमरेवर, दुसरा डोक्यावर, मोळी धरल्यासारखा. मोळी नाही.

संस्कृती केव्हा मागं येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई."

मी लॅपटॉप मिटला. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं की आई आत कावून येईना.

४ डिसेंबर

साखराबाईंच्या घरी गेले. दार उघडलं नाही. आतूनच बोलल्या. फडात मेलेल्याला तिथंच जाळतात, म्हणाल्या. हंगाम आला की ती माणसं आपली घरं बघायला येतात. घाटाच्या तोंडाला दिवा दिसला की त्यांना वाटतं, घराला माणूस आहे, बरं चाललंय. तिथूनच माघारी जातात. अंधार दिसला तर आपलं कुणी उरलं का ते शोधायला गावात येतात. टोळ्या उसात असताना मेल्यांचं नाव घेत नाहीत, म्हणून कुणी मला सांगितलं नाही.

मी म्हणाले की दिवा पुन्हा लावते.

त्या म्हणाल्या, "बाहेरचे बघून जातेत. आत आलेले कसे जातील? आता ज्याचं त्यानं घरात घ्यायचं."

तेवढ्यात आत कुणीतरी पुरुष खोकला. साखराबाई एकट्या राहतात. त्यांचा नवरा फडात वारला, हे पोरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला त्यांनी जायला सांगितलं. आवाजात राग होता आणि त्याखाली दुसरंही काहीतरी, जणू घरात पाहुणा आहे आणि जेवण व्हायचं आहे.

५ डिसेंबर

वायरमन आला. दिवा लागला. रात्री पुन्हा फोटो काढले. गल्ल्या मोकळ्या आहेत. घराघरात घेतली गेली सगळी. दिवसाही एक दार उघडं नाही. हातपंपावर कुणी येत नाही.

फोटोत एकच उरली आहे. तिच्या घराला कुलूप आहे, तिला घेणारं कुणी नाही.

ती शाळेच्या पायरीवर आहे.

६ डिसेंबर

धुळाजींचं दार वाजवलं. मी पाया पडते म्हणाले, पोरगी लहान आहे म्हणाले. आतून उत्तर आलं, "तुमी इझवला, तुमीच बघा." मग दाराच्या फटीतून, जरा मऊ आवाजात, एवढंच — ती हाक मारील. तिच्या स्वतःच्या घरातून कुणी ओ दिली तर तिथं जाईल, आणि मग ओ देणाऱ्यापाशीच बसेल. न्हाई तर ज्या पोरीसाठी आली तिलाच नेईल. मी विचारलं, पोरीला दूर नेलं तर? म्हणाले, "उसापासनं चालत आली ती. जीपच्या मागं न्हाई का यायची?"

सिदूला फोन लावला. परवा येतो म्हणाला. उद्या ये म्हणाले. ओरडलेच त्याच्यावर.

रात्री — संस्कृती अंथरुणात नव्हती. दारापाशी. कडी काढत होती. तिला उचललं तर अंग गार, केसांना ओल्या उसाचा, जळक्या पाचटाचा वास.

हाक मी ऐकली नाही. तिनं ऐकली. म्हणते, आई रागात आहे. म्हणते, एवढ्या लांबून आले आणि दार लावून घेता.

मी तिला पोटाशी धरून बसले. बाहेर पायरीवर काही नव्हतं. रचल्याशिवाय दिसत नाही. पण दाराच्या फळीवर, बाहेरून, नखं —

७ डिसेंबर, सकाळ

हे माझ्यामुळे झालं. मला अंधार हवा होता. मुलांना आकाश दाखवायचं होतं, खोटं नाही ते. पण आधी मला हवा होता.

माझ्या आईनं मला कोपीत वाढवलं, फडात कधी एकटं सोडलं नाही. ही पोरगी कुणाच्या भरवशावर आहे? माझ्या.

७ डिसेंबर, संध्याकाळ

जीप गेली. सगळी मुलं केजच्या वसतिगृहात. कॅमेरा संस्कृतीच्या गळ्यात घातला. तिचा स्वेटर मागून घेतला. थंडी वाजते म्हणाले. तिनं विचारलं, आईला काय सांगू. मी म्हणाले, मी सांगते.

घाटावर जीपचे दिवे दिसेनासे होईस्तोवर उभी होते. जीपच्या मागं कुणाची पावलं नाहीत. म्हणजे छबुबाई अजून इथंच आहे. वाट बघते आहे.

दगडानं कुलूप तोडलं.

७ डिसेंबर, रात्र

छबुबाईच्या घरात. चूल, दोन भांडी, खुंटीला तिचं जुनं लुगडं. दार आतून लावलं आहे. स्वेटर मांडीवर, त्याला पोरीचा वास आहे. लिहायला लाल टॉर्च. तारे बघताना डोळे दिपू नयेत म्हणून घेतला होता.

माळवदाला उजेडासाठी भोक आहे. त्यातून आभाळाचा टिकलीएवढा तुकडा. कृत्तिका सरकून गेल्या. आता रोहिणी आली आहे, बरोबर डोक्यावर.

वरून माती पडते. कुणीतरी चालतं आहे. मोळी घेऊन चालावं तसं, जड.

थांबलं.

रोहिणी दिसत नाही. भोक काळं. तारे गेले नाहीत, मधे काहीतरी —

हाक आली. संस्कृतीच्या नावानं. आज मलाही ऐकू आली. राग नव्हता. नुसती दमलेली —

मी ओ दिली. "ओ आई," म्हणाले. स्वेटर तोंडाशी धरून, लहान आवाजात. दिली ओ. आता ती खाली उतर—