शेजारचा डबा

रमणदादा,

पहाटे कुठे तुझा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. बर्फ काढायला खालच्या अल हमरा गावाहून मशीन वर आलंय. फावडं घेऊन मीही जातोय. दुपारपर्यंत रस्ता मोकळा होईल, इन्शाल्ला. टाकीतलं पाणी गोठलंय, बादली भरून ठेवलीय.

पासपोर्ट तुझ्या बॅगेत आहे. पण मस्कतहून घरची फ्लाइट गाठायला धावपळ करू नकोस. काल तुझ्या भावाचा फोन माझ्याकडे आला होता. वडलांना अजून किती वेळ ठेवायचं, विचारत होता. थांबू नका, असं मीच सांगितलं. त्याने संध्याकाळी अग्नी दिला. तुला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. शिव्या द्यायच्या तर मी आल्यावर दे.

मयताच्या घरात चूल पेटवायची नाही, म्हणून दोन दिवस तू गॅसला हात लावू दिला नाहीस. नुसत्या खजुरावर आहेस. गावी शेजारी पिठलं-भात आणून देतात. इथे ओमानच्या डोंगरावर, बर्फात कोण येणार? म्हणून सलीम ड्रायव्हरच्या खोलीत जाऊन मी पिठलं-भात केला, बाहेर आलो, आपलंच दार हळूच वाजवलं आणि डबा आत ठेवला.

शेजाऱ्याचा आहे. खा.

प्रफुल्ल