सत्तावीस नंबरचं मशीन माणसांत आलं

तरी मी तेव्हापासून सांगतोय मामा, की मी काम सोडलेलं नाही, सोडलेलं नाही, सोडलेलं नाही. मी बंद पडलो होतो. सोडणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं, आणि हा फरक तुमच्या मित्राने, म्हणजे आमच्या फोरमनने, तुम्हाला फोनवर नीट सांगितला नाही तर त्यात माझा काय गुन्हा? तुम्ही मात्र लगेच "पुन्हा पळालास ना? आता तोंड दाखवू नकोस" असं दीड ओळीचं पत्र धाडून मोकळे झालात. (बाकीचा कागद कोरा होता. मी दोन्ही बाजूंनी बघितला.)

तर आधी नमस्कार करतो आणि मग भांडतो. लांबून का होईना, वाकून पाया पडतोय. गुडघा कसा आहे? मामीची दाढ काढली, की अजून अर्ध्या गालानेच बोलते? (अर्ध्या गालाने बोलत असेल तर तुमचे दिवस बरे चालले असणार, पण एवढं वाक्य तिला वाचून दाखवू नका.) आईला म्हणावं, मी जाड झालोय. खरं नाहीये, पण म्हणावं. तुम्ही माझ्यासाठी इथे शब्द टाकलात आणि निघताना दारात उभं राहून बजावलंत, की वर्षभर टिकून कायम झालास तरच ह्या दारात परत पाऊल टाक, हे मी विसरलेलो नाही. तेच सांगायला बसलोय.

हे समजायला जरा मागून यावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा. आमचा कारखाना बिजागऱ्यांचा. पत्रा कापायचा, वाकवायचा, भोकं पाडायची, खिळा घालायचा, खोक्यात भरायचं. ह्यातलं मी काहीच करत नाही. मी एका खात्यातला माल हातगाडीवर घालतो आणि दुसऱ्या खात्यात नेऊन ओततो. (तुम्ही म्हणता माझ्या पायाला भिंगरी आहे. इथे त्या भिंगरीचा पगार मिळतो.) पूर्वी कुठला माल कुठे अडकलाय हे फक्त फोरमनच्या डोक्यात असायचं, आणि ते डोकं दुपारी जेवणानंतर तासभर बंद असायचं. मग मालकांनी कॉम्प्युटर आणला. प्रत्येक खात्यात एक स्क्रीन. प्रत्येक पेटीला चिठ्ठी, चिठ्ठीवर काळ्या रेघा, त्या रेघांवर बंदूक धरायची, ती टिक करते, आणि मालकांना खुर्चीत बसल्या बसल्या कळतं की चार इंची बिजागरीची अमुक पेटी भोकांच्या खात्यात पोचली आणि तिथून अजून का हलली नाही. खोटं कशाला बोलू, चीज चांगली आहे. पूर्वी "माल कुठाय, माल कुठाय" म्हणून दिवसभर जो आरडाओरडा चालायचा तो थांबला. आता "बंदूक कुठाय" म्हणून चालतो.

पण ज्या कंपनीने हा सगळा कारभार विकला ती माणशी पैसे घेते. जेवढ्या माणसांची नावं आत घालाल तेवढी लायसनं, आणि तीही दरवर्षी भरायची. मशीनांचे पैसे नाहीत. मशीनं वाटेल तेवढी घाला. आता आमचे मालक कसे, तर जमिनीवर पडलेला खिळासुद्धा वाकून उचलतात आणि पुसून परत डब्यात टाकतात. त्यांनी चाळीस माणसांची लायसनं घेतली आणि नावं भरायला बसले. आधी घरचे, मग जुने, मग मधले. मी सगळ्यांत नवा. माझी पाळी येईपर्यंत चाळीस भरले होते. मालकांनी जरा वेळ छताकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्याला मशीनमध्ये घाला." झालं. मी मशीन नंबर सत्तावीस. प्रकार, माल वाहणारे. खरेदीची तारीख, मी कामाला लागलो तो दिवस. वजनाचा रकाना कॉम्प्युटर रिकामा ठेवू देईना, तेव्हा कोणीतरी अंदाजाने चारशे किलो घातलं. आणि माझा पगार डिझेलच्या खर्चात.

सुरुवातीला मला बरंच वाटलं हो. मशीनला कोणी शिव्या घालत नाही. दर सोमवारी आमच्या देखभालीच्या मिस्त्रीला स्क्रीनवर हुकूम यायचा, सत्तावीस नंबरला तेल द्या, नट आवळा. मिस्त्री मोठा सरळ माणूस, न केलेल्या कामावर सही करणार नाही. तो तेलाची बुधली घेऊन यायचा, माझ्याभोवती एक फेरी मारायचा आणि विचारायचा, "आवाज येतोय का कुठून?" मी म्हणायचो, पोटातून येतोय. मग तो मला कोपऱ्यावर नेऊन चहा पाजायचा आणि लिहायचा, तेल दिले, आवाज थांबला. तुमच्याकडे असताना कोणी आठवड्याला एकदा तरी मला असं विचारलं होतं का, सांगा. (हे भांडणापुरतं लिहिलं. मामी विचारायची.)

घोळ झाला तो रजेचा. मशीनला रजा नसते. मशीन चालू असतं, नाहीतर बंद असतं. मला ताप आला तेव्हा फोरमनला "बंद" लिहावं लागलं, कारण विचारल्यावर "गरम झाले" लिहिलं. पाय मुरगळला तेव्हा "चाक वाकडे". आणि तिसऱ्या वेळी मला काहीच झालं नव्हतं मामा, नुसतं सकाळी उठवेना. वाटलं आज बिजागरी बघितली तर मी ओरडेन. तेव्हा मिस्त्रीने येऊन माझा हात बघितला, जीभ बघितली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, "कारण सापडले नाही." नेमका त्याच दिवशी तुम्ही फोन केलात भाच्याची खुशाली विचारायला, आणि तुमच्या मित्राने स्क्रीनवर बघून वाचून दाखवलं, "भाचा बंद आहे, कारण सापडलं नाही." त्यानंतर तुमचं ते दीड ओळीचं पत्र.

पत्र आलं त्याच आठवड्यात कायम होणाऱ्यांची यादी लागली. माझ्या जरा आधी लागलेले दोघे तिच्यात होते, मी नव्हतो. फोरमनला गाठलं, तर तो म्हणतो कसा, "अरे, यादी माणसांची आहे. मशीन काय, कायमच असतं." मला ते पटलंही असतं. पण दोनच दिवसांत कॉम्प्युटरने आपण होऊन दुसरी यादी काढली, की वर्षभरात वारंवार बंद पडलेली मशीनं कोणती, ती काढून टाका. मालक याद्या वाचत नाहीत, सही करतात. एक पत्रा वाकवायचा जुना प्रेस, एक पाणी गळणारं धार लावायचं चाक, आणि सत्तावीस नंबर.

भंगारवाला टेम्पो घेऊन आला तेव्हा मी गाडी ढकलत होतो. गडी अंगाने दांडगा, कानाला पेन्सिल. प्रेस चढवला, चाक चढवलं, आणि कागद हलवत विचारतो, "सत्तावीस कुठाय?" मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, "थट्टा नको रे बाबा, चारशे किलोचे पैसे आधी भरलेत मी." तो हसत होता, पण मामा, मला हसू येईना. कारण विकलेल्या मशीनचा नंबर कॉम्प्युटर पुसून टाकतो. नंबर पुसला की फाटकावरची बंदूक माझं कार्ड घेणार नाही, फाटक उघडणार नाही, आणि मग तुम्हाला मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो की मी पळालो नाही, मी भंगारात गेलो?

मालक धावत खाली आले. कागद बघून त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, सत्तावीसचे पैसे परत करतो, विषय संपला. पण विषय कॉम्प्युटरच्या हातात. तो म्हणे, विक्री रद्द करायची तर माल आधी फाटकाबाहेर गेला पाहिजे आणि मग परत आला पाहिजे. बाहेर न गेलेला माल परत कसा येईल? खूप बटणं दाबून झाली. शेवटी मालक माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चढ बाबा. एक चक्कर मारून ये."

तर मी चढलो. गळक्या चाकाला टेकून बसलो. फाटकावर बंदुकीने माझ्या कार्डावर टिक केलं, आणि स्क्रीनवर आलं, सत्तावीस बाहेर. एवढ्यावर भागलं असतं, पण फाटकाबाहेरच वजनकाटा आहे आणि भंगारवाला म्हणाला, परत करायचं तर करू, पण मी काय घेतलं होतं ते तरी बघू दे. मला एकट्याला काट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न भरलो. (जाड झालोय हे आईला सांगताना हा आकडा मध्ये आणू नका.) भंगारवाल्याने आकडा बघितला आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून असा काही गळा काढला, की आसपासच्या कारखान्यांतली माणसं कामं टाकून बाहेर आली. "बघा हो बघा! हे बिजागरीवाले माणसं विकतात! आणि तीसुद्धा वजनात मारून!"

मालकांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. तांबडा, मग पांढरा, मग पत्र्याच्या रंगाचा. मला टेम्पोतून त्यांनी स्वतः हात धरून उतरवलं. फाटकावर परत टिक झालं, कारणाच्या रकान्यात "ग्राहकाला पसंत नाही" निवडलं (तेवढंच एक जुळत होतं), आणि आत येताच मालक ओरडले, "ह्याला आत्ताच्या आत्ता माणसांत घाला!"

फोरमन म्हणाला, चाळीस भरलेत, एक काढावा लागेल. मालक म्हणाले, ज्याचं काम सगळ्यांत कमी त्याला काढ, कॉम्प्युटरलाच विचार. विचारलं. कॉम्प्युटरने क्षणात सांगितलं, नंबर तीन, कॉम्प्युटर आल्यापासून एकही पेटी हललेली नाही. नंबर तीन म्हणजे मालकांचा मेहुणा. (तो वरच्या खोलीत पंख्याखाली बसतो. मी इतके दिवस त्याला गिऱ्हाईक समजत होतो.) सगळे एकदम आपापल्या हातातल्या बिजागऱ्या निरखायला लागले. मालक बराच वेळ छताकडे बघत राहिले, आणि मग हळूच म्हणाले, "त्याला काढता येत नाही रे. घरी जेवायचंय मला. त्याला मशीनमध्ये घाल." सत्तावीस नंबर रिकामा झालाच होता. सोमवारी मिस्त्री तेलाची बुधली घेऊन वर गेला. काय झालं ते आम्हाला दिसलं नाही, पण ऐकू आलं.

आणि मामा, माझं नाव स्क्रीनवर आलं. आडनावासकट, पुरं. जन्मतारीख विचारली, गाव विचारलं, मी सांगत गेलो आणि फोरमन एकेका बोटाने टाइप करत गेला. सगळं भरून झाल्यावर खाली एक हिरवं चौकोनी बटण आलं, त्यावर लिहिलेलं, "रजा हवी?" मला नको होती. पण मी जरा वेळ ते बटण बघत उभा राहिलो. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा पडतो हे मला पहिल्यांदा कळलं. पुढच्या पहिल्या तारखेपासून मी कायम होणार. आता दार उघडं ठेवा.

मामीला नमस्कार, आईची काळजी घ्या, गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा भाचा,
चालू आहे.

ता. क. माणसांच्या यादीत राहायचं तर कॉम्प्युटरला एक जबाबदार नातेवाईक लागतो. (मशीनला लागत नव्हता.) त्याने सही करून लिहून द्यायचं, की हा इसम स्थिर स्वभावाचा असून काम सोडून जाणार नाही. कागद सोबत घातलाय, जिथे फुली केली आहे तिथे सही हवी. "स्थिर" हा शब्द छापील आहे, मी घातलेला नाही. आईची सही चालत नाही. ती माझ्याबद्दल काहीही लिहून देईल. तुमची चालते, कारण तुम्ही कोणाबद्दलच काही बरं लिहून देत नाही हे फोरमनला ठाऊक आहे. पहिल्या तारखेच्या आत पाठवा मामा. सही नाही तर कायम नाही. बाकीचं सगळं पत्र ह्याच्यासाठीच लिहिलंय असं समजा, तरी चालेल.

ता. क. दुसरा. पलीकडच्या गल्लीत कुलपांचा नवा कारखाना निघालाय. मी तिथे फक्त डोकावायला गेलो होतो, तेही जेवणाच्या सुट्टीत. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं. तिथेही हाच कॉम्प्युटर आहे आणि त्यांची माणसांची लायसनं संपलीत. तेव्हा सही करायला काही हरकत नाही.

ता. क. तिसरा. मशीन होतो तोवर पगार डिझेलमधून अख्खा यायचा. माणूस झाल्यापासून फंड कापतात, विमा कापतात, आणि एक दिवस बंद पडलो तर मिस्त्री येत नाही, पगारच कापतात. म्हणून आईला दरमहा पाठवतो ते पैसे ह्या खेपेला कमी आहेत. आई विचारेल, तिला सांगा की पोरगा माणसांत आला त्याचे हे वजा झाले. पाठवतो आहे सव्वीसशे.