बाळाबाईंच्या सुक्या मासळीचं मंगलाचरण

नेरूळ

तीर्थस्वरूप शालनताईस,

गुडघा परवानगी देईल तेवढं वाकून सुधीरचा नमस्कार. भावोजींचा मोतीबिंदू काढला हे कळलं. आता त्यांना ताटातलं सगळं स्पष्ट दिसेल, तेव्हा जपून.

प्रथम तक्रार. गेल्या आठवड्यात मी तुला चांगला तीन परिच्छेदांचा मजकूर पाठवला. त्यावर तू नुसता एक पिवळा अंगठा पाठवलास. आपल्या घराण्यात (वडील पोस्टकार्डाच्या समासातही आडवं लिहीत) असं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. आमच्या सौ. अरुणाच्या मते अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ असा होतो. मला तसा पुरावा दिसत नाही, म्हणून पुन्हा सांगतो.

कॉलेजात यंदा संस्कृतच्या पहिल्या वर्षाला कुणी आलंच नाही. दुसऱ्या वर्षाला मंजुषा आणि पार्थ एवढे दोघेच आहेत (तेही माझ्या शब्दावर). प्राचार्यांनी मला बोलावून चहा पाजला, तेव्हाच मी समजलो. त्यांचं म्हणणं असं, की ‘वेबसाठी लेखन व मांडणी’ हा नवा अभ्यासक्रम मी आधी विद्यार्थी म्हणून पुरा करावा आणि पुढे तोच शिकवावा, म्हणजे नोकरीचं टेन्शन नको. तेव्हापासून मी पोरांच्या शेजारी बाकावर बसतो. शिकवायला ईश्वरी आहे, माझीच जुनी विद्यार्थिनी. मला अदबीने ‘सर’ म्हणते आणि माझा गृहपाठ तितक्याच अदबीने परत करते.

गृहपाठ असा, की जवळपासच्या एखाद्या धंद्याचं पान तयार करायचं. माझ्या वाट्याला सारसोळ्याच्या बाळाबाई आल्या. त्यांचा सुक्या मासळीचा धंदा. (पहिल्या भेटीनंतर अरुणाने मला कपडे बदलल्यावरच सोफ्यावर बसू दिलं.) आता ग्रंथ कसा आरंभावा हे आपल्याकडे ठरलेलं आहे. आधी मंगल, मग विषय, प्रयोजन, संबंध आणि वाचायला अधिकारी कोण, ते. मी त्यात काही कमी केलं नाही. वर गणपती, भोवती केशरी काठ, खाली माझा स्वतःचा श्लोक, मग प्रयोजन सविस्तर. बोंबील बरेच खाली आले. फोनचं बटण मात्र ईश्वरीच्या आग्रहाखातर अगदी वर, गणपतीच्या उजव्या हाताला.

पान सुरू झालं आणि बाळाबाईंचा फोन आला. “सर, सकालधरनं लोक इचारतान, वास्तुशांतीला गुरुजी कवा येतील. मी म्हनलं, बोंबील हाय. तर फोन ठेवतान.” एका गृहस्थांनी दक्षिणा विचारली. बाईंनी जवळ्याचा भाव सांगितला. गुरुजी इतके स्वस्त पाहून ते लगेच तयार झाले आणि सोसायटीचा पत्ता देऊन मोकळे झाले. तिथे कोणी जायचं, यावर आमचं अजून एकमत नाही.

ईश्वरी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “सर, लोक पान वाचत नाहीत, चाळतात. मासळी वर घ्या.” मी घेतली. सुकट, बोंबील, जवळा, घरपोच, एवढंच. गणपती खाली, लहानसे, पण आहेत. श्लोक गेला. बाळाबाईंकडे आता खऱ्या ऑर्डरी येतात आणि मला वर्गात सर्वांत जास्त गुण आहेत. मला हे काम आवडलं, असं अरुणा म्हणते. मी अजून कबूल केलेलं नाही.

भावोजींना नमस्कार. त्यांनी महिनाभर टीव्हीपासून लांब बसावं, आणि तू त्यांच्यापासून.

तुझा,
सुधीर

ता. क. बाळाबाईंनी तुमच्यासाठी सोडे देऊ केले होते. मी तुमच्या वतीने नम्रपणे नाही म्हटलं.

पुन्हा ता. क. जूनमध्ये तुझी नात जाई इथे आमच्याकडे राहून बी.ए. करणार आहे. तिला संस्कृत घ्यायला सांग. तू सांगितलंस तर ऐकेल, आणि मी सांगणं बरं दिसत नाही. पहिल्या वर्षाला एक नाव असलं तरी प्राचार्यांना विचार करावा लागेल.

आणखी एक. मी पास होणार, ताई, आणि भीती तीच आहे. माझी सोय लागली की संस्कृतचा वर्ग बंद करायला कुणालाच अडचण उरणार नाही. मंजुषा आणि पार्थला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.