दोन लॉनचे, दोन शेतीचे

वेस्ट मांबलम, चेन्नई
८ जुलै २००७

प्रिय संकेत,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडाखोड केलेलं पत्र पाठवायला मला आवडत नाही, म्हणून राहू देते. तू मात्र त्यातून काही अर्थ काढू नकोस. नसलेला अर्थ काढण्यात आणि समोर दिसतंय ते न बघण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

इकडे ठीक आहे. ट्रॅक्टर चालू आहे. शोळिंगनल्लूरच्या कंपनीच्या बागेचं काम माझ्याकडेच राहिलं. रामस्वामी, तिथले व्यवस्थापक, ज्यांच्यापुढे तू सारखा मान डोलवायचास, त्यांनी ते काढून घेतलं नाही. नोव्हेंबरातल्या अपघातानंतर मी ट्रॅक्टरची पुढची गिअरपेटी उघडून घेतली. आतले दाते बघायला तू असायला हवा होतास. निम्मे झिजले होते, दोन तुटून तेलात पडले होते. नंतर चारही चाकांना ट्रॅक्टरच्या कंपनीने सांगितलेल्या जोडीचे लॉनचे टायर बसवले. तेव्हाही हेच करू म्हणाले होते मी.

आठवतंय? बागेच्या उद्घाटनाला पाहुणे येणार होते आणि शेतीच्या टायरच्या उंच दात्यांनी हिरवळ उकरली जाते, अशी रामस्वामींची तक्रार होती. दुकानात लॉनच्या टायरची फक्त पुढची जोडी होती. मागची यायला आठवडा लागणार होता. एवढा दम तुला कुठला? "वळतात पुढची चाकं, उकरतात पुढची चाकं," असं म्हणून तू तेवढीच बदललीस. मी म्हटलं, घेर बघ, कमी आहे. फोर-व्हीलमध्ये पुढची आणि मागची चाकं गिअरने एकमेकांना बांधलेली असतात, पुढे लहान टायर लावलेस तर पुढची चाकं एक अंतर कापू बघतील, मागची दुसरं, आणि ती ओढाताण गिअरवर येईल. मातीत चाक जरा घसरून निभावतं, सिमेंटच्या रस्त्यावर नाही. तर तू रामस्वामींकडे बघून हसलास आणि म्हणालास, "आमच्या इंजिनिअरबाईंना पुस्तक पाठ आहे." तेही हसले. टायरचा घेर डोळ्यांनी मोजणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. तुझ्याबरोबर राहून असे बरेच नमुने बघायला मिळाले.

मग आपला ड्रायव्हर व्यंकट सांगत आला, स्टिअरिंग दगडासारखं झालंय आणि खालून कडकड आवाज येतोय. ट्रॅक्टर तो चालवत होता, तू नाही. त्याला तू काय सांगितलंस? "दांडा ओढून फोर-व्हील बंद कर, टू-व्हीलवर चालव. प्रश्न मिटला." बिघाड झाकण्याला तू प्रश्न मिटणं म्हणतोस. त्या ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत, उतारावर पुढची चाकं धरून ठेवतात ती फोर-व्हीलमुळेच, हे तुला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसण्याचा मला राग नाही. मी साइटवर नसताना तू त्याला ओल्या मातीने भरलेली बकेट पुढे घेऊन तळ्याच्या उतारावर पाठवलंस, त्याचा आहे.

पाऊस नुकताच थांबला होता. बकेटच्या वजनाने ट्रॅक्टरचा मागचा भाग हलका झाला, ब्रेक दाबले तरी चाकं गवतावरून घसरत गेली आणि ट्रॅक्टर दगडी कठड्यावर आदळला. व्यंकटचा डावा पाय मध्ये सापडला. मी पोहोचले तेव्हा माळी लोक लोखंडी पहार लावून तो सोडवत होते. आणि तू तिथून वीस पावलांवर, छत्रीखाली, रामस्वामींना समजावत होतास, "प्यायलेला होता हो. ह्या लोकांचं असंच."

संकेत, त्याने अय्यप्पाची माळ घातलेली होती. काळी वेष्टी म्हणजे लुंगी, कपाळावर भस्म, पाय अनवाणी. चेन्नईत तीन वर्षं काढलीस आणि व्रत धरलेला, दारूला शिवतही नसलेला माणूस ओळखता आला नाही तुला. खोटं बोलायलाही थोडी माहिती लागते.

मी रामस्वामींकडे निघाले तेव्हा तू माझा दंड धरलास आणि त्यांना कळू नये म्हणून मराठीत म्हणालास, "अगं, घरातलं घरात राहू दे ना." तोपर्यंत मला मराठी ही आपल्या दोघांची या शहरातली हक्काची जागा वाटायची. तिचा असा उपयोग होईल, हे मनात आलं नव्हतं. मी तमिळमध्ये उत्तर दिलं. टायर, दांडा, उतार, सगळं माळ्यांसकट सर्वांना समजेल असं सांगितलं. तुझा चेहरा पाहिला आणि आपलं लग्न होणार नाही हे मला तिथेच, पावसात भिजलेल्या गवतावर उभ्या उभ्या कळलं. बाबांनी फेब्रुवारीचा हॉल रद्द केला. आईने तुझ्यासाठी शिवायला टाकलेला कोट परत आणला आणि माझ्या धाकट्या भावाला दिला. त्याला खांद्यात सैल होतो, पण शोभतो.

व्यंकट वाचला. घोटा वळत नाही, लंगडतो. त्याची बायको भवानी आता माझ्याकडे रोपवाटिकेत असते. तो दुरुस्तीचं काम शिकलाय. तू पुण्याला निघून गेलास तेव्हा दवाखान्यात एकदा डोकावशील, असं त्याला वाटलं होतं. मला वाटलं नव्हतं.

आता पत्र लिहिण्याचं कारण. इथल्याच अड्यारच्या एका संस्थेतून शरण्या नावाच्या बाईंचा काल फोन आला. त्यांच्या सगळ्या गाड्या आणि ड्रायव्हर ज्याच्या हाताखाली असतील अशा जागेसाठी तू अर्ज केलायस आणि ओळख म्हणून माझं नाव दिलंयस. मी सभ्यपणे चार बरे शब्द बोलेन, असं तू धरून चाललास. बोललेही. माणूस बोलका आहे, नीटनेटका आहे, म्हटलं. मग त्यांनी विचारलं, ड्रायव्हर लोकांशी कसा वागतो? व्यंकट समोरच गिअरपेटीला ग्रीस लावत होता. मी त्याला कोण विचारतंय, कोणाबद्दल विचारतंय ते सांगितलं आणि फोन दिला. त्याने हात पुसले, सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलला, "वेंडाम." नको. फोन मला परत देऊन तो पुन्हा कामाला बसला. तेव्हा त्यांच्या बोलावण्याची वाट बघत बसू नकोस.

तुझी एके काळची भागीदार,
ऊर्मी